दुप्पट भाडं आणि एकटीची केबिन

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

“मी ६१ वर्षांची, नुकतीच निवृत्त झालेली. जहाजाच्या कठड्याशी उभं राहून चारी बाजूंना फक्त पाणी बघायचं, ही इच्छा तिशीपासूनची आहे. यजमानांना बोट लागते. ते यायला तयार नाहीत, पण ‘तू खुशाल जाऊन ये’ असं म्हणतात. मुलीला मात्र मी एकटीने जाणं पसंत नाही. एकटीला केबिन घ्यायची तर जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं. एक मैत्रीण केबिन वाटून घ्यायला उत्सुक आहे, पण तिला सतत कोणीतरी बोलायला लागतं आणि मला गप्प बसायला आवडतं. पैसे वाचवावेत म्हणून तिला हो म्हणू का? स्वतःच्या एकटीच्या हौसेवर एवढा खर्च करणं स्वार्थीपणाचं तर नाही ना? आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त भीती वाटते ती जेवणाच्या हॉलमध्ये एकटीने शिरायची.”

ताई, सस्नेह नमस्कार.

तुम्ही जा. आणि मैत्रिणीला केबिनमध्ये घेऊ नका.

दुसरं वाक्य आधी समजावते, कारण तुमच्या पत्राचा गाभा तिथे आहे. जहाजावरची साधी केबिन म्हणजे न्हाणीघर धरून दीडशे ते दोनशे चौरस फूट जागा. दोन पलंग लावले की मधे एका माणसाला जेमतेम सरकता येतं. दिवसभर लोकांत वावरून संध्याकाळी दार लावलं की मिळणारी शांतता, हीच एकटीने प्रवास करणाऱ्याची खरी मिळकत असते. ती तुम्ही पहिल्याच दिवशी देऊन टाकाल आणि उरलेले सगळे दिवस ती परत मागायचा संकोच वाटेल. मैत्रिणीचा यात काही दोष नाही. तिला बोलायला माणूस हवं, तुम्हाला गप्प बसायला जागा हवी. घरी हे दोन्ही जमतं, कारण संध्याकाळी ती तिच्या घरी जाते आणि तुम्ही तुमच्या. तिला खरोखरच यायचं असेल तर म्हणावं, त्याच जहाजावर स्वतःची केबिन घे, रात्रीच्या जेवणाला रोज भेटू. याला ती हो म्हणाली तर तुम्हाला सोबतही मिळाली आणि दारही राहिलं. नाही म्हणाली तर तिला प्रवासापेक्षा खर्चाची वाटणी हवी होती, एवढं कळेल, आणि त्यात राग धरण्यासारखं काही नाही.

आता दुप्पट भाड्याचं. क्रूझच्या जाहिरातीत दिसणारा आकडा नेहमी ‘माणशी’ असतो आणि एका केबिनमध्ये दोन माणसं आहेत असं गृहीत धरून काढलेला असतो. एकटा माणूस आला की दुसरा पलंग रिकामा जातो. कंपनीचं त्यात तिकिटापुरतंच नुकसान होत नाही. दुसऱ्या माणसाने जहाजावर पेयांवर, सहलींवर, दुकानांत जो खर्च केला असता तोही बुडतो. म्हणून एकट्याकडून जादा पैसे घेतात. त्याला ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणतात. पूर्ण सप्लिमेंट लागलं तर भाडं २०० टक्के होतं. पण हा आकडा दगडावरची रेघ नाही. त्याच जहाजावर, त्याच केबिनला एका तारखेला २०० टक्के आणि दुसऱ्या तारखेला १५० किंवा १२५ टक्के असं होतं. गर्दीचा मोसम सरला की आकडा खाली येतो, आणि शाळांच्या सुट्ट्यांत जहाज कुटुंबांनी भरत असल्यामुळे तेव्हा सवलतीची आशाच ठेवू नये. शिवाय बंदराचे कर आणि कर्मचाऱ्यांसाठी रोज आकारली जाणारी ग्रॅच्युइटी (म्हणजे टिप) साधारणपणे डोक्यामागे असते, केबिनमागे नाही. म्हणजे २०० टक्के लागले तरी शेवटची बेरीज बरोबर दुप्पट होत नाही. म्हणून एजंटकडे टक्के विचारत बसू नका. ‘एका माणसासाठी, सगळे कर आणि ग्रॅच्युइटी धरून, अखेरची रक्कम किती’ एवढंच विचारा आणि ती लेखी घ्या.

एकट्यासाठी बांधलेल्या केबिनही असतात. ‘नॉर्वेजियन एपिक’ हे जहाज २०१० मध्ये आलं तेव्हा त्यात अशा १२८ छोट्या ‘स्टुडिओ’ केबिन होत्या, प्रत्येकी साधारण शंभर चौरस फुटांच्या, आणि या केबिनमधल्या प्रवाशांसाठीच राखलेला एक बैठकीचा हॉलही होता. त्यानंतर इतर कंपन्याही या वाटेने गेल्या. ‘क्वीन मेरी २’ या जहाजाची २०१६ मध्ये डागडुजी झाली तेव्हा तिच्यावर एकट्यांसाठी १५ केबिन नव्याने केल्या गेल्या. अशा केबिनमध्ये सप्लिमेंटचा प्रश्नच येत नाही. पण दोन गोष्टी तपासा. एक, तिला समुद्राकडे उघडणारी खिडकी आहे का. एपिकवरच्या त्या स्टुडिओंची खिडकी आतल्या बोळाकडे आहे, आणि तुमच्यासारख्या पाणी बघायला निघालेल्या बाईला ते सोसणार नाही. दोन, त्याच जहाजावरची दोघांची साधी केबिन सप्लिमेंट भरूनही स्वस्त पडते का. या केबिन थोड्याच असतात, लवकर संपतात, आणि मागणीमुळे त्यांचं भाडं कधीकधी इतकं चढतं की मोठी केबिन परवडते. म्हणून दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय पैसे भरू नका.

अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या छोट्या मोहीम-जहाजांवर आणखी एक सोय असते. अनेक कंपन्या दोन अनोळखी स्त्रियांना किंवा दोन अनोळखी पुरुषांना एक केबिन वाटून देतात आणि सप्लिमेंट घेत नाहीत. पण मैत्रिणीबद्दल जे लिहिलं तेच इथेही लागू आहे. तुमच्यासाठी नाही.

कुठलं जहाज घ्यावं, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्हाला बंदरं मोजायची नाहीत, पाणी बघायचं आहे. जाहिराती बहुतेक बंदरांच्या नावांनी भरलेल्या असतात, आणि रोज सकाळी नवं बंदर असलं की जहाज रात्री अंधारात चालतं आणि दिवसा धक्क्याला बांधलेलं असतं. सहा दिवसांत पाच बंदरं असलेल्या सफरीत तुम्हाला कठड्याशी उभं राहून दिसेल तो धक्काच. म्हणून वेळापत्रकात ‘ॲट सी’ असे दिवस शोधा. सात रात्रींत निदान दोन-तीन तरी हवेत. अटलांटिक ओलांडणाऱ्या सफरी आहेत. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ही ‘क्वीन मेरी २’ची फेरी बहुधा सात रात्रींची असते आणि मधे एकही बंदर नसतं. वसंत आणि शरद ऋतूंत जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवली जातात, त्या सफरींतही समुद्रावरचे दिवस भरपूर असतात, आणि जागा भरायच्या असल्यामुळे एकट्याला भाडंही बरेचदा बरं मिळतं. मात्र त्या लांब असतात आणि खुल्या महासागरातून जातात. तुम्हाला बोट लागते की नाही हे अजून तुमचं तुम्हालाच माहीत नाही. म्हणून पहिली सफर पाच ते सात रात्रींची, आतल्या शांत समुद्रातली घ्या. मोठा महासागर पुढच्या खेपेला.

आकाराचंही बोलायला हवं. २०२४ मध्ये निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ एका केबिनमध्ये दोन या हिशेबाने ५,६१० प्रवासी घेतं. एवढ्या गर्दीत तुम्ही एकट्या आहात हे कोणाच्या लक्षातही येत नाही, हा त्याचा फायदा. पण तोच चेहरा दुसऱ्यांदा दिसत नाही, हा तोटा. शंभर-दोनशे प्रवाशांच्या जहाजावर तिसऱ्या दिवशी सगळे तुम्हाला नावाने हाक मारतात, आणि जेवायला कुठे बसायचं हा प्रश्न उरत नाही. पण लपायलाही जागा नसते. तुमचा स्वभाव पत्रातून कळला तेवढा बघता, मी सहाशे ते दोन हजार प्रवाशांच्या मधलं जहाज सुचवीन. तिथे ओळखी होतात आणि नको तेव्हा डेकवर कोपराही सापडतो. नॉर्वेच्या किनाऱ्याने १८९३ पासून चालणारी टपालबोटींची फेरीही लक्षात ठेवा. बर्गन ते किर्केनेस आणि परत, जाताना-येताना ३४ बंदरं, पूर्ण फेरी १२ दिवसांची. बंदरं बरीच, पण थांबे बहुतेक छोटे, आणि किनारा डोळ्यासमोरून सतत सरकत राहतो. मालही चढतो, गावोगावचे लोकही चढतात-उतरतात, आणि त्यांच्यात एकटा प्रवासी कोणालाच वेगळा वाटत नाही. नदीवरच्या क्रूझ मी मुद्दाम वगळते आहे. ऱ्हाइन, डॅन्यूब सुंदर आहेत, पण दोन्ही तीरं कायम दिसतात.

केबिन घेताना एक करा: जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांपैकी एकावर घ्या. जहाज लाटेवर सीसॉसारखं वरखाली होतं. टोकं जास्त हलतात, मध्य कमी. वरच्या मजल्यांवर डोलणं जास्त जाणवतं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ते कुशीवर डोलणं पुष्कळ कमी करतात, पुढून-मागून होणारं वरखाली मात्र फारसं थांबवत नाहीत. औषध डॉक्टरांना विचारून आधीच जवळ ठेवा, आणि पोटात ढवळायला लागण्यापूर्वी घ्या. नंतर घेतलेलं फारसं उपयोगी पडत नाही.

आता जेवणाचा हॉल. यावर मी जरा थांबणार आहे, कारण या भीतीपोटी माणसं निघतच नाहीत.

माझ्या पहिल्या एकटीच्या सफरीत पहिल्या संध्याकाळी मी हॉलच्या दारापर्यंत गेले. आत उजेड, हसण्याचे आवाज, सगळी टेबलं भरलेली. परत फिरले आणि केबिनमध्ये जेवण मागवलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा लोकांच्या ओळखी होऊन गेल्या होत्या, आणि त्या बसलेल्या घडीत मला जागा करून घ्यायला दोन दिवस लागले. सगळ्यांच्या ओळखी एकाच वेळी, पहिल्या संध्याकाळी होत असतात. त्या दिवशी तिथे बसलेले बहुतेक लोक एकमेकांना तितकेच अनोळखी असतात जितक्या तुम्ही त्यांना. दारातून ते दिसत नाही, एवढंच.

म्हणून हा प्रश्न दारात सोडवायचा नाही, बुकिंग करतानाच सोडवायचा. जेवणाच्या दोन पद्धती असतात. एकीत रोज ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि तीच माणसं. दुसरीत हवं तेव्हा जा, मिळेल तिथे बसा. तुम्ही पहिली निवडा आणि सोबत लिहा: ‘सहा किंवा आठ जणांच्या टेबलावर, इतर प्रवाशांबरोबर’. चारचं टेबल मागू नका. तिथे एक जोडपं अबोल निघालं तर संध्याकाळ संपता संपत नाही. आठांत कोणीतरी बोलकं असतंच आणि तुम्हाला गप्प बसून ऐकताही येतं. टेबल जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या प्रमुखाला भेटून बदलून मागा. त्यांना याची सवय असते, ते कारण विचारत नाहीत. पहिल्या संध्याकाळी मात्र वेळेच्या पाच मिनिटं आधी जा. अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये शिरणं भरलेल्या हॉलपेक्षा फार सोपं असतं, आणि मग येणारी माणसं तुमच्या टेबलावर येतात.

रोज रात्री केबिनमध्ये, किंवा हल्ली फोनवरच्या ॲपमध्ये, दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो. त्यात पहिल्या एक-दोन दिवसांत ‘सोलो ट्रॅव्हलर्स’ची भेट असते का ते बघा. तिथे चार माणसं आली तरी जा. त्या चौघांपैकी एक जण पुढे बंदरावर टॅक्सी वाटून घ्यायला मिळतो. बाकी ओळखीसाठी मी गप्पांच्या जागांपेक्षा हाताला काम असलेल्या जागा सांगेन: पत्त्यांचा वर्ग, गाण्याचा गट, चित्रकला, सकाळचं चालणं. न बोलणाऱ्या माणसाला तिथे न बोलताही बसता येतं.

मुलीला तुमच्या सुरक्षिततेची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. तिला हे वाचायला द्या. जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच प्रत्येक प्रवाशाला आणीबाणीची तालीम सक्तीची असते. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलं तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची तालीम व्हायची होती. त्यानंतर नियम कडक झाले. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. तो ऐकला की आपल्या ठरलेल्या जागी जायचं. एकट्या प्रवाशाला ‘चल’ म्हणणारं कोणी नसतं, म्हणून केबिनपासून त्या जागेपर्यंत पहिल्याच दिवशी दोनदा पायी जाऊन या, एकदा जिन्याने. केबिनचा क्रमांक कोणालाही मोठ्याने सांगू नका. दार आतून कडीने लावा, आणि कोण आलंय ते भिंगातून बघूनच उघडा. रात्री वारा असताना उघड्या डेकवर एकट्याने जाऊ नका.

पण खरं सांगायचं तर एकट्या प्रवाशाला चोराचिलटांपेक्षा दोन साध्या गोष्टी जास्त अडचणीत आणतात.

पहिली, आजारपण. दोघं असली की एकाला ताप आला हे दुसऱ्याला कळतं. तुमचं कोणाला कळणार? म्हणून केबिन आवरायला येणाऱ्या कर्मचाऱ्याशी पहिल्या दिवशी नीट ओळख करून घ्या, नाव लक्षात ठेवा, आणि बरं वाटत नसेल तर संकोच न करता सांगा. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो आणि बिल मोठं येऊ शकतं. गंभीर झालं तर किनाऱ्यावर हलवावं लागतं, कधी हेलिकॉप्टरने. प्रवास विमा घेताना त्यात हे हलवणं धरलंय का, आणि तुम्हाला आधीपासून असलेले आजार धरलेत का, या दोन ओळी स्वतः वाचा. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. चढताना दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. आणि हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर हाताला चोळायच्या जेलचा फारसा उपाय होत नाही.

दुसरी, जहाज चुकणं. जहाजाचं घड्याळ आणि बंदराचं घड्याळ कधीकधी वेगळं असतं, आणि फोन आपोआप बंदराची वेळ दाखवायला लागतो. हाताला साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा. परतायची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज त्या बसची वाट बघतं. तुम्ही स्वतः फिरायला गेलात तर बघत नाही. म्हणून बंदर शहरापासून लांब असेल तिथे कंपनीची सहल घ्या, धक्क्यावरूनच गाव सुरू होत असेल तिथे पैसे वाचवून एकट्या फिरा. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी ने-आण होते. त्या दिवशी शेवटच्या बोटीची वाट बघू नका. खाली उतरताना पासपोर्टची प्रत, थोडे स्थानिक पैसे आणि जहाज कंपनीच्या बंदरावरच्या एजंटचा नंबर जवळ हवा. तो नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रकावर बहुधा छापलेला असतो.

फोन चढल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाका आणि लागेल तेव्हा जहाजाचं वायफाय घ्या; समुद्रावरचं उपग्रहाचं रोमिंग फार महाग पडतं. व्हिसाबाबत एकच सांगते: सफर एखाद्या देशातून बाहेर पडून पुन्हा तिथेच येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. बंदरांची यादी हातात घेऊन प्रत्येकापुढे कुठला व्हिसा लागतो ते लिहून काढा.

राहिला स्वार्थीपणाचा प्रश्न. तुमच्या यजमानांना समुद्र सोसत नाही, हे त्यांनी निवडलेलं नाही. तुम्हाला तो हवा आहे, हे तुम्हीही निवडलेलं नाही. त्यांनी ‘खुशाल जाऊन ये’ म्हटलंय, तर त्या शब्दांच्या मागे दुसरं काही शोधत बसू नका. तीस वर्षं तुम्ही त्यांच्यासाठी ही इच्छा बाजूला ठेवलीत हे त्यांना नक्की ठाऊक असणार, आणि तुम्ही आणखी दहा वर्षं थांबलात तर त्याचं ओझं त्यांच्यावरही पडेल. त्यांना या प्रवासात घ्यायचं असेल तर तयारीत घ्या. नकाशा पुढे ठेवून मार्ग दोघांनी मिळून निवडा. निघताना जहाजाचं नाव, केबिनचा क्रमांक, प्रत्येक बंदराची तारीख, तिथल्या एजंटचे नंबर आणि विम्याचा कागद असा एक संच त्यांच्याकडे ठेवा, दुसरा मुलीकडे. कुठल्या दिवशी फोन कराल तेही आधीच सांगा, आणि समुद्रावरच्या दिवशी फोन येणार नाही हेही सांगा, म्हणजे त्या दिवशी घरी कोणी घाबरणार नाही.

सूर्योदयाच्या वेळा त्या कार्यक्रमपत्रकावर बहुधा असतात. पहिल्या ‘ॲट सी’ दिवशी त्याच्या अर्धा तास आधी वर या. तेव्हा डेक धुऊन ओला असतो, रबरी तळव्याच्या चपला घाला.